छप्पर नसलेलं घर

जवस निळ्या फुलांवर आलेलं, ऐन जुलैत,
आमचं शेत त्यांनी अकरा दिवसांसाठी भाड्यानं घेतलं
आणि दोरीला फळ्या बांधून एका रात्रीत आडवं केलं.
परग्रहावरचे उतरले होते म्हणे इथे,
सस्कॅचेवानात, आमच्या पंपघरापासून दोनशे पावलांवर.
बाबांनी नुकसानीचा हिशेब पाकिटाच्या पाठीवर मांडला,
दोनदा तपासला, सही केली.
म्हणाले, "यंदा नाहीतरी गारांनी नेलंच असतं."
आई गेल्यापासून असंच बोलायचे ते,
जे जाणार ते आधीच गेल्यासारखं.

मग शेताच्या कडेला घर उभं राहिलं.
प्लायवूडचं, पण आमच्यापेक्षा नीटस.
खिडक्यांना पडदे, दाराला घासून मुद्दाम जुनी केलेली कडी,
आणि वर काहीच नाही.
दिवे टांगायचे म्हणून छप्परच घातलं नव्हतं.
आत टेबलावर चार ताटं मांडलेली.
आमच्या घरी तीन.

गोष्ट साधी होती.
एक बाप, ज्याचं देवाशी बिनसलेलं.
दोन मुलं. रात्र. माळ्यावर पावलं.
माळा नव्हताच. शिडीवर बसलेला एक इसम
काठीनं फळी ठोकायचा, ठक, ठक,
आणि नटांनी मान वर करून घाबरायचं.
लहान मुलाला एकच वाक्य होतं:
"बाबा, वर कुणीतरी आहे."
सतरा वेळा म्हणवून घेतलं त्याच्याकडून.
सतराही वेळा आमचे बाबा
वायरींच्या भेंडोळ्यामागे उभे,
हातात टोपी, जणू कुणाच्या दारात.

राक्षस झाला होता कॉर्विन नावाचा हडकुळा पोरगा.
मुखवटा मांडीवर ठेवून आमच्या पायरीवर
बटाट्याचे पिरोगी खायचा,
पाठीची चेन अडकली की माझ्या भावाला हाक मारायचा.
त्याला कोण भिणार?

पण दहाव्या रात्री बुर्को भुंकायला लागला,
थांबेचना,
आणि त्या घरात उजेड दिसला.
मार्कियननं गवताचा काटा उचलला.
मी अनवाणी, त्याच्या शर्टाचं टोक धरून.
पोशाख ट्रकमध्ये कुलपात आहे हे ठाऊक होतं आम्हाला.
कॉर्विन गावातल्या मोटेलात झोपलाय, हेही.
तरी आडव्या जवसातून चालताना
आम्ही दोघं श्वास वाटून घेत होतो.

खिडकीतून पाहिलं.
कंदील. चार ताटं. रंगवलेला लाकडी पाव.
बाबा बसलेले, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ होणार नाही
अशी जागा निवडून.
मान वर. वर तारे, नुसते तारे,
उन्हाळ्यात इकडे असतात तसे, डोक्यावर सांडतील असे.
बराच वेळ गेला.
मग ते मोठ्यानं म्हणाले, आपल्या भाषेत,
आजोबांनी युक्रेनहून आणलेल्या,
त्या मुलाचं वाक्य, फक्त शेवटी प्रश्न लावून:
"वर कुणी आहे?"

आणि फोन कानाला लावल्यासारखे थांबले.

बुर्को भुंकला. बाकी काही नाही.
मार्कियननं काटा हळूच गवतात ठेवला,
आवाज होऊ न देता, आणि आम्ही मागे फिरलो.
त्यावर आम्ही कधीच बोललो नाही,
परवा मार्कियनच्या पन्नाशीलासुद्धा नाही.

सिनेमा आला. आमचं शेत चार सेकंद.
घर मोडलं तेव्हा बाबांनी एक खुर्ची मागून घेतली,
ट्रकमध्ये टाकली, गोठ्यात ठेवली,
तिच्यावर कधी कुणी बसलं नाही.

रविवारी ते आम्हाला चर्चला सोडायचे,
कांद्यासारखा घुमट असलेल्या, खडीच्या रस्त्यावरच्या.
स्वतः बाहेर, ट्रकमध्ये, रेडिओवर गव्हाचे भाव ऐकत.
आत ते पुढेही आले नाहीत.
पण त्या हिवाळ्यात, उणे तीसमध्ये,
मी प्रार्थनेतून मान वळवून दाराच्या फटीतून पाहिलं:
रेडिओ बंद होता,
आणि त्यांच्या बाजूची काच
चार बोटं खाली.